व्हीलचेअरसोबत कोकण : चालत्या माणसांसाठी प्राथमिक धडे

हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. नवशिके म्हणजे तुम्ही, दोन पायांवर चालणारे. खुर्चीत बसलेली बाई, म्हणजे मी, या विषयात मुरलेली आहे.

पहिला धडा फोनचा. मुक्कामाच्या घरी "पायऱ्या आहेत का?" असं विचारू नये. "नाही हो, सगळं सपाट," असंच उत्तर येतं. सांगणारा खोटं बोलत नसतो. जांभ्याच्या पाखाड्या रोज चढणाऱ्याला चारपाच पायऱ्या दिसतच नाहीत. त्याला व्हिडिओ कॉल लावून फाटकापासून खाटेपर्यंत चालायला सांगा. मग ओटा दिसतो, उंबरा दिसतो, आणि संडासाचं दारही, ज्यातून मी आत जाईन पण खुर्ची बाहेर राहील. "रॅम्प आहे" म्हणाले तर लगेच खूश होऊ नका. एक फूट चढायला बारा फूट लांब उतार हवा, असं सरकारी मानक आहे. इथे बहुधा स्कूटर चढवायची फळी निघते. शेवटी ठरलेलं वाक्य येतं : "काळजी नको, पोरं उचलून नेतील." पोरं खरंच गुणी असतात. पण आंब्याची पेटी उचलतानासुद्धा आधी कुठे धरायचं ते बघतात. मला तर नुसतं विचारलं तरी मी सांगू शकते. 2016चा दिव्यांग हक्क कायदा मात्र छापून सोबत घ्या. उतारावर चाकाखाली अडणी म्हणून लावता येतो.

दुसरा धडा तिथीचा, आणि खरी सहल इथेच ठरते. कालनिर्णयात लाल रविवार शोधू नका. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे ओहोटी भर बाराला, डोकं तापवायला. त्यात भांगाचं पाणी, फारसं मागेही हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणून ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमाराला, आणि उधाणामुळे पाणी लांबवर ओसरलेलं. मागे उरते ती ओली, घट्ट, सपाट वाळू. माझ्यासाठी रस्ता करून देणारं एवढं एकच खातं मला माहीत आहे; ते दिवसातून दोनदा काम पुरं करतं आणि निविदाही काढत नाही. घट्टपणाची खूण हवी असेल तर घोडागाडीच्या चाकाचा माग बघा. माग उथळ असेल तर ढकला.

अडचण त्याआधीच्या कोरड्या पट्ट्याची. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर 2022मध्ये या पट्ट्यावरून लाकडी वाट टाकली. पुढच्याच महिन्यात मंदोस वादळानं तिची मोडतोड केली. तरी टाकली तर होती! आपल्याकडे तोवर उपाय हा : टायरमधली हवा थोडी कमी करा, खुर्ची उलटी फिरवा आणि मागे चालत ओढा. पुढची छोटी चाकं वाळूत रुततात, मोठी निघून जातात. मी त्या वेळी सुरूची झाडं बघते. दमलात तर थांबा, पण "हलकी आहेस हो तू" असं म्हणू नका.

जंजिरा राजपुरीच्या धक्क्यावरून बघावा. हेलकावणाऱ्या होडीतून पायरीवर उतरणं चालत्यांनाही जमेलच असं नाही.

त्यापेक्षा दाभोळ-धोपावे फेरीबोट घ्या. ट्रक जिथे चढतो तिथे खुर्ची चढते. भर खाडीत वारा, डोक्यावर घारी, आणि कुणीही "अरेरे" म्हणत नाही, कारण सगळे आपापली गाडी पुढच्याला घासणार नाही ना, ते बघत असतात.

खानावळीत वाढपी तुम्हाला विचारेल, "ताई काय घेतील?" तुम्ही उत्तर देऊ नका. छताकडे बघा. मी सुरमई सांगेन.

परतल्यावर खुर्ची गोड्या पाण्यानं धुवा, पुसा, बेअरिंगला तेल घाला. खारं पाणी राहिलं तर गंज धरतो. तुमची आंघोळ त्यानंतर.