दोन पिना आणि एक अर्ज

अमेरिकेत रायफलीची नळी १६ इंच भरली की ती सरळमार्गी रायफल. दुकानात जायचं, ओळखपत्र दाखवायचं, पार्श्वभूमीची तपासणी होऊ द्यायची आणि बऱ्याच राज्यांत त्याच दिवशी ती घेऊन घरी यायचं. पण नळी साडेपंधरा इंच निघाली, तर तीच रायफल एकदम मशीनगन आणि हातबॉम्ब यांच्या पंक्तीला जाऊन बसते. एकूण लांबी २६ इंचांच्या खाली गेली तरी तेच. मग बोटांचे ठसे, पासपोर्ट आकाराचा फोटो, केंद्र सरकारच्या नोंदवहीत नाव. मोजण्याची रीतसुद्धा ठरलेली आहे. बोल्ट बंद करून नळीच्या तोंडातून एक काठी आत सोडायची, ती अडली की तोंडाशी खूण करायची, बाहेर काढून मोजायची. एवढ्या मोठ्या देशाचा एवढा कडक कायदा शेवटी एका काठीवर आणि एका पट्टीवर येऊन टेकतो, याचं मला फार बरं वाटतं.

या आखूड नळीच्या रायफलीला तिथले शौकीन ‘एसबीआर’ म्हणतात, आणि ती तयार विकत घ्यावी की स्वतः बनवावी यावर त्यांचं कधीच एकमत होत नाही. टेक्सासात आमच्या शेजारी एक निवृत्त इंजिनिअर राहतात. मी बंदूक बाळगत नाही, बाळगायची इच्छाही नाही. पण त्यांच्या गॅरेजमध्ये कॉफी चांगली मिळते आणि चांगल्या कॉफीसाठी मी कुठल्याही विषयावर ऐकून घेतो. त्यामुळे या वादातल्या दोन्ही बाजू मला आता पाठ आहेत. दोन्ही बाजू ते एकटेच मांडतात.

मुळात हा कायदा आला कसा, तेही ऐकण्यासारखं आहे. साल १९३४. दारूबंदी नुकतीच उठलेली, टोळ्यांच्या बातम्यांनी वर्तमानपत्रं भरलेली. ‘नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट’च्या मूळ मसुद्यात पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरसुद्धा होती. आता पिस्तुलावर नोंदणी आली तर माणूस काय करील? रायफल विकत घेईल, करवतीने कापील आणि कोटाखाली घालील. ती पळवाट बुजवायची म्हणून आखूड नळीच्या रायफली आणि शॉटगन यादीत घातल्या. पुढे विरोध झाला आणि पिस्तुलं यादीतून वगळली गेली. पळवाट बुजवणारं कलम मात्र काढायचं राहून गेलं. म्हणजे कोटात मावणारं पिस्तूल साध्या तपासणीवर मिळतं, आणि कोटात जेमतेम मावणाऱ्या रायफलीला केंद्र सरकारची लेखी संमती लागते. सुरुवातीला मर्यादा १८ इंचांची होती. १९६० मध्ये रायफलीपुरती ती १६ वर आली. दोन इंचांची ही सूट मिळायला सव्वीस वर्षं लागली.

कर ठेवला २०० डॉलर. त्या काळी साधारण तेवढ्या पैशांत थॉमसन सबमशीनगनच यायची, म्हणजे कर भरण्यापेक्षा माणसाने नादच सोडावा असा सरळ हेतू होता. गंमत अशी, की तो आकडा पुढे २०२५ पर्यंत कोणी हलवलाच नाही. महायुद्ध झालं, माणूस चंद्रावर जाऊन आला, पावाची किंमत कुठल्या कुठे गेली, पण २०० चे २०० राहिले. ज्या रकमेने माणसाने घाबरून मागे फिरावं ती हळूहळू एका बऱ्यापैकी जेवणाच्या बिलावर आली. महागाईने कायद्याचे दात पाडल्याचं दुसरं इतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता बनवायचं म्हणजे काय, ते शेजाऱ्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर दाखवलं. एआर जातीच्या रायफलीचे दोन भाग असतात. खालचा, ज्याला ‘लोअर’ म्हणतात, त्यात चाप असतो. त्याच्यावर क्रमांक असतो आणि कायद्याच्या दृष्टीने तेवढीच बंदूक. वरचा ‘अपर’, त्यात नळी. कायद्याच्या दृष्टीने तो नुसता सुटा भाग. दोन्ही जोडून ठेवतात त्या दोन पिना. त्यांनी अंगठ्याने एक दाबली, टक्. दुसरी दाबली, टक्. वरचा भाग हातात आला. त्याच्या जागी दुसरा, आखूड नळीचा ठेवला, पिना परत आत सारल्या. कॉफीत दूध घालून ढवळेपर्यंत सगळं उरकलं. ‘झाली बनवून?’ मी विचारलं. ‘झाली,’ ते म्हणाले, ‘आणि हे अर्ज मंजूर व्हायच्या आधी केलं असतं तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग.’

म्हणजे बनवणं ते हेच. ना ऐरण, ना भट्टी, ना हाताला घट्टे. बनवण्याचं खरं काम अर्जात. बनवणाऱ्याचा अर्ज क्रमांक १, विकत घेणाऱ्याचा क्रमांक ४. ठसे दोघांचेही, फोटो दोघांचेही. अर्जाची एक प्रत गावच्या पोलीसप्रमुखाला किंवा शेरीफला पाठवायची. २०१६ पूर्वी त्याची सहीच आणावी लागे, आता नुसती माहितीसाठी प्रत पुरते. क्रमांक १ मध्ये एक रकाना मला फार आवडला. तुम्ही ही बंदूक का बनवू इच्छिता? खरं उत्तर काय आहे? की छोटी आहे, छान दिसते, गाडीतून काढायला-ठेवायला सोपी जाते, आणि मित्राकडे आहे. यातलं एकही कोणी लिहीत नाही. सगळे जण लिहितात, ‘सर्व कायदेशीर कारणांसाठी’. सरकारलाही ते पटतं. लाखो अर्जांच्या त्या ढिगात या एका रकान्यापुरते सगळे नागरिक अगदी एकमताने वागतात.

‘बनवणं’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयातही जाऊन आला आहे. थॉम्पसन/सेंटर आर्म्स नावाची कंपनी ‘काँटेंडर’ नावाचं पिस्तूल विकायची. सोबत एक संच द्यायची, त्यात २१ इंची नळी आणि खांद्याला लावायचा दस्ता. पिस्तुलाची मूळ नळी १० इंची. लांब नळी आणि दस्ता लावला तर ती साधी रायफल. पण कोणी आखूड नळी तशीच ठेवून दस्ता लावला तर? सरकार म्हणालं, एका खोक्यात हे सगळं एकत्र दिलं म्हणजेच तुम्ही आखूड रायफल बनवलीत. कंपनीने एका बंदुकीपुरता अर्ज केला, २०० डॉलर भरले आणि ते परत मिळावेत म्हणून दावा लावला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी त्यावर डोकं शिणवलं आणि पाच विरुद्ध चार मतांनी कंपनी जिंकली. दोनशे डॉलरच्या परताव्यावर नऊ न्यायमूर्ती! वकिलांची फी किती झाली असेल, हा विचार मी मध्यमवर्गीय असल्यामुळे मनातून काढू शकत नाही.

बनवणाऱ्याला आणखी एक काम असतं. कायद्याने तो ‘निर्माता’ ठरतो, म्हणून बंदुकीवर त्याचं नाव, गाव आणि राज्य कोरावं लागतं. अक्षरांची खोली किमान इंचाचे तीन सहस्रांश, म्हणजे जवळपास माणसाच्या केसाच्या जाडीएवढी. शेजाऱ्यांनी त्यासाठी लेझरवाल्या दुकानात पैसे मोजले आणि नाव कुठे कोरायचं यावर जेवढा विचार केला तेवढा मी मुलाच्या नावावर केला नव्हता. मला तर भांड्यांच्या दुकानात बसल्यासारखं वाटत होतं. स्टीलच्या पातेल्यावर करकर आवाज करणाऱ्या त्या मशीनने दुकानदार नाव घालून देतो, तारीख घालून देतो, आणि पुढे पन्नास वर्षं ते पातेलं कुठल्याही पंगतीतून बिनबोभाट घरी परत येतं. इथेही तेच. फक्त नाव घातलेलं पातेलं विकायला काढलं तर कोणी घेत नाही. शेजाऱ्यांचीही तीच अडचण. हवं तेव्हा १६ इंची नळी लावून रायफल पुन्हा साधी करता येते; नाव पुसता येत नाही. अनोळखी माणसाचं नाव आणि गाव कोरलेली बंदूक कोण हौसेने घेणार?

विकत घेणाऱ्यांचं म्हणणं हेच. कारखान्याची रायफल, कारखान्याचं नाव, वर हमी. पण त्यांचा मार्गही सुखाचा नाही. पैसे मोजून झाले तरी अर्ज मंजूर होईपर्यंत रायफल दुकानदाराच्या तिजोरीत. याला शौकीन लोक ‘गन जेल’ म्हणतात. कागदी अर्जांच्या काळात कित्येक महिने जायचे, कधी वर्ष उलटायचं. ऑनलाइन अर्ज आल्यापासून हा काळ खूप आटला. पण त्या दिवसांत लोक दुकानात जाऊन आपली रायफल नुसती बघून येत. काही दुकानांना लागून नेमबाजीची जागा असते, तिथे देखरेखीखाली दोन-चार फैरी झाडू देत. घरी न्यायची मात्र नाही.

दोघांनाही सारखेच जाचणारे नियम वेगळेच. अशी रायफल घेऊन दुसऱ्या राज्यात जायचं तर आधी लेखी परवानगी. थँक्सगिव्हिंगला भावाकडे जाताना टर्कीला कोणी अडवत नाही. कॅलिफोर्निया, न्यू जर्सीसारख्या राज्यांत तर सामान्य माणसाला ती बाळगताच येत नाही. शिवाय ती फक्त नोंद असलेल्या माणसाच्याच ताब्यात हवी. नवरा परगावी आणि तिजोरीची किल्ली बायकोकडे, म्हणजे घोटाळा. त्यावर उपाय म्हणून लोक ‘गन ट्रस्ट’ करतात आणि घरच्यांची नावं घालतात. पण २०१६ पासून ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार माणसाचे ठसे आणि फोटो लागतात. शेजारीणबाई म्हणाल्या, ‘लग्नात याने माझी एकच सही घेतली होती.’

आपल्याला हे सगळं फार परकं वाटतं, पण १९५९ च्या आपल्या शस्त्र अधिनियमातलं सहावं कलमही नळी आखूड करण्याबद्दलच आहे. परवान्याशिवाय करायची नाही. आपल्याकडे तो प्रश्नच सहसा येत नाही एवढंच. कोकणात शेतसंरक्षणाची बंदूक असलेला माणूस ती कापायचा विचार कुठला करतो? निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागेपर्यंत रात्री डबे वाजवत बसायचं, हीच त्याची विवंचना. रानडुकरांना आचारसंहिता लागू नाही.

आता या वादाला नवं वळण आलं आहे. २०२५ च्या ४ जुलैला सही झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून आखूड रायफलींवरचा कर शून्य झाला. मशीनगनवर तो अजून २००च आहे. अर्ज, ठसे, फोटो, कोरलेलं नाव, सगळं जागच्या जागी. फक्त पैसे नाहीत. १९३४ चा मूळ कायदा १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला तो कर म्हणून. मग कर शून्य झाल्यावर नोंदवही कशाच्या जोरावर उभी, असे दावे आता कोर्टात गेले आहेत. शेजाऱ्यांना त्या घटनात्मक प्रश्नाशी काही देणंघेणं नाही. आपण भरलेले २०० परत मिळणार नाहीत, एवढंच त्यांना खुपतं. ते वसूल करायचे म्हणून त्यांनी या वर्षी दुसरी रायफल घेतली, ती मात्र तयार, कारखान्याची, बनवण्याच्या कटकटीला कंटाळून. अर्ज मंजूर झाला, रायफल घरी आली. संध्याकाळी मी कॉफीला गेलो तर ती टेबलावर चार तुकड्यांत पडलेली. कारखान्याचा दस्ता त्यांना आवडला नव्हता, मूठ तर मुळीच नाही, आणि चापाचं नवं सामान त्यांनी रायफल येण्याआधीच मागवून ठेवलं होतं.