बंब सोमेश्वरी

बॉनेट उघडायच्या आतच निकाल लागला. "हेड गेलं ओ तुमचं," मिस्त्री म्हणाले आणि दुसऱ्या गाडीखाली सरकले. अंदाजही गाडीखालूनच आला: इंजिन खोलायचं, हेड लेथवर पाठवायचं, फेसिंग, नवं गॅस्केट, ऑइल, कूलंट, मजुरी. आकडा पाच अंकी. ग्रामदेवतेला कौल लावतानासुद्धा आपण आधी गाऱ्हाणं घालतो, पाकळी लावतो, उजवीकडची पडते की डावीकडची याची वाट बघतो. इथे पाकळी लावायच्या आधीच कौल पडला, आणि पडला तो थेट माझ्या खिशावर.

माझं गाऱ्हाणं एवढंच होतं. गणपतीच्या आदल्या दिवशी हातखंब्याच्या तिठ्यावर पाऊण तास अडकलो आणि गाडीचा काटा लाल रेषेकडे निघाला. गाडी दहा वर्षांची, पेट्रोलवरची, तोवर गुणी. कडेला घेतली तशी मागच्या गाड्यांतून चार चाकरमानी उतरले. चौघांचंही म्हणणं एकच: हेड गॅस्केट. चार कोकणी माणसांचं एका गोष्टीवर एकमत झालं, तिथेच मला शंका यायला हवी होती. त्यातल्या एकाने वर "हीटर फुल लावा" असंही सांगितलं. भाद्रपदातल्या घामात हीटर! मी हसलो. पुढे कळलं, की त्या दिवसातला शहाणा सल्ला तेवढाच होता. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर; इंजिनाची थोडी उष्णता तो तुमच्या अंगावर ओढून घेतो. आपण उकडायचं, इंजिन वाचवायचं.

(तिठ्यावरच्या या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण सुरू झालं त्या सुमाराला, म्हणजे २०११ साली, घेतलेल्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी आता संपत आली. रस्त्याचं कामही संपत आलंय. ते गेली कित्येक वर्षं संपतच आलंय.)

तर गॅस्केट. इंजिनाचा ब्लॉक खाली, हेड वर, आणि मध्ये ही पातळ चकती. पण कुकरच्या रिंगेसारखं हिला फक्त वाफ अडवून भागत नाही. एका चाळीत आग, पाणी आणि तेल अशी तीन बिऱ्हाडं नांदतात आणि त्यांच्यामधली भिंत म्हणजे ही चकती. भिंत कुठे फुटली त्यावर भांडण ठरतं. आग पाण्याकडे घुसली तर रेडिएटरमध्ये बुडबुडे. पाणी आगीकडे गेलं तर सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि रोज थोडं थोडं कमी होणारं पाणी. पाणी तेलात शिरलं तर ऑइलच्या पट्टीवर नाचणीची आंबील. आणि दोन शेजारच्या सिलिंडरांमधली भिंत गेली तर पाणी जागच्या जागी, तेल स्वच्छ, फक्त गाडी लंगडते. म्हणजे नुसतं "हेड गेलं" हे निदान नव्हेच. "चाळीत भांडण झालं" म्हणण्यासारखं आहे ते. कुणाकुणात, ते सांगा की!

त्यातून आपली हवा खोटी साक्ष देण्यात पटाईत. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. श्रावणातल्या सकाळी गाडी चालू करा, सायलेन्सर यज्ञकुंडासारखा धूर सोडतो. ती वाफ असते. लिटरभर पेट्रोल जाळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतंच. गार, दमट हवेत ते दिसतं, एवढंच. इंजिन तापल्यावर पाच-दहा मिनिटांत धूर विरला तर चहा प्या. विरलाच नाही तर काळजी करा. आंबिलीचंही तसंच. मारुती मंदिर ते मांडवी एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं इंजिन धड तापत नाही, आतला दमटपणा उडून जात नाही, आणि ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा थर जमतो. झाकणाखाली आंबील आणि पट्टीवर स्वच्छ तेल, तर गाडीचा गुन्हा फार न फिरण्याचा. तिसरी साक्ष गोड वासाची. कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे धुराला गोडसर वास येतो, हे खरं. पण आपण वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणीच ओतत आलो असू, तर वास कुठून गोड येणार? (कूलंट कधीही चाखून बघू नका. सोलकढीसारखं गुलाबी दिसतं, पण विष आहे.)

मला खरा प्रश्न विचारला तो दुसऱ्या मिस्त्रींनी, एमआयडीसीच्या कडेला शेड टाकून बसलेल्या. "गाडी तापली कुठे?"

हातखंब्याला, उभ्या उभ्या.

"आणि आंब्याच्या घाटात?"

मागच्याच महिन्यात कोल्हापूरला गेलो होतो. घाटात काटा जागचा हलला नव्हता.

ते हसले. गॅस्केट फुटलेली गाडी चढाला, जोर लागतो तिथे आधी तापते. रेडिएटर आतून तुंबला असेल, किंवा चौपदरीकरणाच्या तांबड्या धुळीने त्याच्या पाकळ्या बाहेरून लिंपल्या असतील, तरीही चढालाच. उभी राहिली की तापते आणि पळायला लागली की निवते, ती गाडी मात्र वाऱ्याला महाग झालेली असते. तरी त्यांनी नुसत्या तर्कावर सोडलं नाही. गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी थंडगार इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून पाणी काठोकाठ भरलं आणि इंजिन चालू केलं. सुरुवातीला चार बुडबुडे आले, मग शांत. अडकलेली हवा अशीच येते. गॅस्केट असतं तर बुडबुडे थांबले नसते. मग झाकण लावून वरचा होज पाइप दाबून पाहिला. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात तो दगड झाला, तर दाब पाण्याच्या उष्णतेचा नव्हे, आत घुसलेल्या जळक्या वायूचा. आमचा मऊ. मग रेडिएटरच्या तोंडाशी एक नळी बसवून आतली हवा निळ्या पाण्यातून ओढली. त्या हवेत कार्बन डायऑक्साइड असेल तर निळं पिवळं होतं. निळं ते निळंच राहिलं. शेवटी प्लग काढून चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजलं: जवळजवळ सारखं. शेजारचे दोन एकदम कमी भरले असते तर भिंत गेली म्हणायची.

एवढं झाल्यावर त्यांनी रेडिएटरच्या पंख्याला बॅटरीवरून थेट करंट दिला. पंखा ढिम्म. मोटर जळलेली.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात. सोमेश्वर आमच्या रत्नागिरी तालुक्यातच आहे, त्यामुळे बंब तिकडे नेण्यात आम्हाला काही वाटत नाही.

आता पहिल्या मिस्त्रींवर राग काढणं सोपं आहे, पण ते बिचारे आपणच घडवलेत. नवा पार्ट आणला की आपण पैसे देतो, जुना हातात मागून घेतो आणि समाधानाने घरी जातो. "दोन तास तपासलं, काही निघालं नाही, पाचशे द्या" म्हटलं की आपला आवाज चढतो: नुसतं बघायचे पैसे? मग पुढच्या वेळी मिस्त्री बघत नाहीत. खोलतात.

आणि हेड खोललं, फेसिंग केलं, नवं गॅस्केट टाकलं, पण मेलेला पंखा तसाच ठेवला, तर पुढच्या जॅममध्ये हेड पुन्हा तापणार. ॲल्युमिनियमचं हेड फार तापलं की वाकतं. कित्येक इंजिनांना मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढाही वाक चालत नाही. गॅस्केट बहुधा स्वतःहून मरत नाही. आधी पंखा, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप नाहीतर रेडिएटरचं झाकण मरतं. या झाकणाला तर कुणी विचारतच नाही. पाणी दाबाखाली ठेवून ते १२० अंशांच्या आसपासपर्यंत उकळू न देणं, हे त्याचं काम. त्याचं रबर गेलं की पाणी लवकर उकळतं, बाहेर पडतं, आणि गाडी "पाणी खायला लागली" म्हणून आपण हेडकडे बघतो.

थर्मोस्टॅटची गोष्ट तर आपली खास. "आपल्याकडे कुठे थंडी, काढून टाका" म्हणून तो काढून फेकणारे शंभर मिळतील. काढला की इंजिन वेळेवर तापत नाही, जास्त पेट्रोल पितं, झिजतं. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरतं आणि गाडी आणखी तापते. ट्रकवाले गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकतात, तेही पाहिलंय. गळती थांबते खरी, पण बारीक नळ्याही थांबतात. आणि तापलेल्या इंजिनात धो धो गार पाणी ओतणारे तर प्रत्येक घाटात भेटतात, अगदी प्रेमाने कळशी घेऊन.

पंख्याची मोटर बदलली. गाडी पुढचं वर्षभर तापली नाही, तरी मी विकायला काढली. मुलाला मोठी हवी होती. गिऱ्हाईक सांगून सवरून जुलैच्या एका सकाळी सात वाजता आलं. पाऊस नुकताच थांबलेला. मी किल्ली फिरवली. सायलेन्सरने छानपैकी पांढरा ढग सोडला.

"हेड गेलंय," ते म्हणाले, आणि वीस हजार कमी करून मागितले.