पाव मिलिमीटर

आमच्या इमारतीत नानांना भेटायचं असेल तर जिना चढू नये. खाली पार्किंगमध्ये, पाण्याच्या पंपाच्या खोलीला लागून, एक गृहस्थ पोलादाची पट्टी नाकासमोर धरून, डावा डोळा मिटून उभे असतात. चेहऱ्यावर भाव असा, की सोनाराने तोळ्यात गुंजभर मारलंय आणि ते सिद्ध मात्र करता येत नाही. ते नाना. त्या अवस्थेत त्यांना हाक मारू नये. मारलीच तर ती पट्टी ते तुमच्या नाकासमोर आणतात आणि विचारतात, "खरं सांगा, डावी जास्त उतरलीय ना?"

हो म्हणालात, तर ते उजवी घासायला घेतात. नाही, उजवी वाटते म्हणालात, तर डावी. आणि "दोन्ही सारख्याच दिसतात" म्हणालात, तर तुमच्या चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला होता याची चौकशी करतात.

नाना ३४ वर्षं बँकेत होते. जमा आणि नावे जुळल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे. एकदा एक रुपया सत्तर पैशांच्या फरकासाठी त्यांनी सगळी शाखा रात्री अकरापर्यंत बसवून ठेवली होती. ही हकिकत ते अजून अभिमानाने सांगतात. त्या शाखेतले लोकही सांगतात, पण शब्द वेगळे वापरतात. अशा माणसाने निवृत्तीनंतर पेटी शिकावी, बोन्साय करावं, फार तर सोसायटीचा खजिनदार व्हावं. नानांनी सुऱ्या करायला घेतल्या.

निमित्त अगदी साधं होतं. सायकलच्या चाकावर सहाण फिरवत धार लावून देणारा माणूस आमच्या गल्लीत येईनासा झाला. वहिनी म्हणाल्या, "अहो, सुरीने टोमॅटोसुद्धा चेपतोय, कापत नाहीये. धार लावून आणा कुठूनतरी." त्यावर नाना म्हणाले, "धार कशाला? सुरीच करतो." त्या वाक्याला आता दीड वर्ष झालं. वहिनी टोमॅटो विळीवर चिरतात.

आधी यंत्र आलं. दोन इंच रुंद आणि बहात्तर इंच लांब असा खरखरीत पट्टा तीन चाकांवरून गरगर फिरतो, त्यावर पोलाद टेकवायचं. "घरात एक ग्राइंडर असताना दुसरा कशाला?" हा वहिनींचा प्रश्न नानांनी विनोद समजून सोडून दिला. मग दर बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजाराच्या खेपा सुरू झाल्या. तिथून जुन्या कानशी आल्या, ट्रकचे मोडके पाटे आले. पहिल्या पावसात पार्किंगमधल्या पांढऱ्या गाड्यांवर केशरी ठिपके उठले, तेव्हा नाना किती पोलाद घासतात याचा अंदाज आम्हा सर्वांना एकदमच आला. तातडीची सभा भरली. यंत्र अकरा ते एक या वेळेतच चालेल आणि भोवती ताडपत्री लागेल, असं ठरलं. इतिवृत्त नानांनीच लिहिलं. त्यात दोन्ही बाजूंचं म्हणणं समान ओळींत आहे.

आता सुरीत एवढं काय अवघड असतं, असं मलाही वाटायचं. नानांनी मला कौलारू घराची उपमा देऊन समजावलं. आढं मधोमध, दोन्हीकडे दोन पाखी. तसंच, पण उलटं. सुरीची पाठ जाड, तिथून दोन्ही अंगांनी उतार खाली येतात आणि धारेपाशी मिळतात. या उताराला बेव्हल म्हणायचं. दोन्ही बेव्हल एकाच उंचीपासून सुरू झाले पाहिजेत, एकाच कोनात उतरले पाहिजेत आणि बरोबर मधोमध भेटले पाहिजेत. मुठीजवळ जिथे उतार सुरू होतो, तिथल्या दोन्ही रेघासुद्धा समोरासमोर हव्यात. मधोमध कुठे, हे कळायलाही युक्ती आहे. पट्टी तीन मिलिमीटर जाड असेल तर तीन मिलिमीटरचंच ड्रिल काचेवर आडवं ठेवायचं. त्याचं टोक आपोआप निम्म्या उंचीवर येतं. त्याने कडेला ओरखडा काढायचा, पट्टी उलटी करायची, पुन्हा काढायचा. ही युक्ती सांगताना नानांचा आवाज कापरा झाला होता. ड्रिलच्या टोकाला ताळेबंद जुळवता येतो, हे त्यांना साठीनंतर कळलं होतं.

इथपर्यंत सगळं बिनचूक असतं. घोळ पट्टा सुरू झाल्यावर होतो. एक बाजू उजव्या हाताच्या तालावर उतरते, दुसऱ्या बाजूला हात बदलावे लागतात. नानांच्या उजव्या हाताने ३४ वर्षं सह्या केल्या आहेत. डाव्याने त्या वेळात फक्त कागद दाबून धरला. त्यामुळे एक बाजू बँकेच्या दर्शनी भागासारखी चकचकीत, आणि दुसरी रेकॉर्ड रूमसारखी. त्यात टोकाशी पोचताना हात नकळत वळतो, टोक पातळ होतं. मध्येच विचार करायला थांबलं की तिथे खड्डा. पोलाद तापतं म्हणून दर खेपेला बादलीत बुडवायचं, आणि बुडवून परत आणलं की मघाचा कोन सापडत नाही. कोपर अंगाशी घट्ट धरा, हात हलवू नका, कमरेतून हला, असं जाणकार सांगतात. नाना कमरेतून हलायला लागले त्याच आठवड्यात त्यांना कमरेचा पट्टाही घ्यावा लागला. आता घरात दोन पट्टे आहेत.

पण नानांचं खरं दुखणं हातात नाही, हिशेबात आहे. बँकेत फरक निघाला तर नोंद फिरवता येते. अगदीच सापडला नाही तर सस्पेन्स खात्यात टाकून माणूस शेवटची बस पकडू शकतो. पोलादाला ती सोय नाही. तिथे सगळं नावेच पडत जातं, जमेला काही येत नाही. डावी पाव मिलिमीटर जास्त उतरली म्हणून उजवी घासली, तर उजवी अर्धा उतरते. मग डावी. दोन मांजरींना लोणी सारखं वाटून देणारं माकड लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. या पारड्यातलं जरा खाल्लं, मग त्या पारड्यातलं. नानांच्या बाबतीत फरक इतकाच, की माकड तेच, मांजरी त्याच, आणि लोणीही स्वतःच्या पेन्शनमधून आणलेलं.

त्यांची चौथी सुरी मी जन्मापासून पाहिली आहे. आठ इंची शेफ नाइफ म्हणून ती जन्माला आली, भाजीची सुरी म्हणून वयात आली, लिंबू कापायची म्हणून उतारवयाला लागली. शेवटी एका संध्याकाळी नानांनी ती वहिनींच्या हातात दिली आणि म्हणाले, "पाकिटं फोडायला होईल." पाचवीला तेवढंही नशीब लाभलं नाही.

या सगळ्याची रीतसर वही आहे. तारीख, पट्टीचा क्रमांक, डावी, उजवी, फरक, शेरा. सगळे आकडे कॅलिपरने मोजलेले. शेऱ्याच्या रकान्यात सुरुवातीला "पट्टा नवा होता" आहे, मग "पट्टा जुना होता" आहे, आणि मेपासून पुढे नुसतं "मी".

मधे चार दिवस मात्र नाना फार सुखात होते. जपानी सुऱ्यांबद्दल त्यांना कळलं. साकाई गावच्या यानागिबा नावाच्या, मासे कापायच्या लांब सुरीला उतार एकाच बाजूने असतो. "एकच बाजू!" नाना जिन्यातच मला मिठी मारायचे बाकी होते. "जुळवायचं कुणाशी? प्रश्नच मिटला!" पाचव्या दिवशी कळलं, की तिची दुसरी बाजू नुसती सपाट नसते. ती किंचित खोलगट असते, आणि तो खोलगटपणा पाठीपासून धारेपर्यंत साधणं हे तिथल्या कारागिराचं आयुष्यभराचं काम असतं. नानांनी वही काढली आणि पुन्हा डावी-उजवी सुरू केली.

गावाकडे फोनवर ते "हल्ली रोज धार काढतो" असं म्हणाले, तेव्हा चुलत्यांनी म्हैस केवढ्याला घेतली ते विचारलं.

वहिनींना वेगळीच काळजी होती. घरात एवढी पाती साठलेली, उद्या पोलीस आले तर? नानांनी शस्त्र कायदा, १९५९ काढून त्यातलं वाचून दाखवलं. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळलेल्या आहेत. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "पण तुमची एक तरी घरगुती वापराला येतेय का?" नाना खाली निघून गेले. त्या दिवशी यंत्र दीडपर्यंत चाललं.

बेव्हलपुढची कामं ते कशी करतात, याचंच मला नवल वाटतं. पातं लालभडक तापवायचं, लोहचुंबक चिकटेनासा झाला की अजून थोडं, आणि मग कोमट तेलात बुडवायचं. आपल्याकडे याला पाणी पाजणं म्हणतात, तेल असलं तरी. मग दोनशे अंशांवर दोन तास भाजून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. हे सगळं नाना पहिल्या झटक्यात बिनचूक करतात, भाजणं तर वहिनींच्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये. कारण तिथे फक्त आकडा पाळायचा असतो.

दिवाळीच्या सुमारास मी त्यांना सासवडच्या रस्त्याला घेऊन गेलो. कडेला पाल टाकून एक कुटुंब कोयते घडवत होतं. बाई घण घालत होती, नवरा सांडशीत धरलेलं लोखंड ऐरणीवर फिरवत होता. ना ड्रिल, ना काच, ना कॅलिपर. घाव पडत होते आणि दोन्ही अंगांनी उतार आपोआप येत होते. नाना दहा मिनिटं तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग पिशवीतून आपली नववी सुरी काढून त्यांनी अदबीने त्या कारागिराच्या हातात दिली. त्याने ती उलटीसुलटी केली, अंगठ्याने धार चाचपली, एक डोळा मिटून उजेडाकडे धरली. आता गोष्टींत असतो तसा अनुभवाचा एखादा बोल ऐकायला मिळणार, म्हणून मी कान टवकारले.

"सायेब बँकेत हुता म्हनं," तो म्हणाला, "मुद्रा लोनचा फारम कुनाकडं द्यायचा?"

नानांनी तिथेच मांडी घालून त्याला पाऊण तास फॉर्म समजावला. परतताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. कात्रजच्या जवळपास आल्यावर नाना म्हणाले, "त्याची डावी थोडी जास्त होती."

अमेरिकेत ब्लेडस्मिथ सोसायटी नावाची एक संस्था १९७६ साली निघाली. तिच्या परीक्षेत उमेदवाराने लोंबकळता, इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा असतो. मग त्याच सुरीने लाकडी फळ्या तोडायच्या, एवढं करूनही तिने हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी ती शिकंज्यात धरून काटकोनात वाकवायची. मोडली की नापास. नानांनी यातली केसांची पायरी तेवढी घरी आणली. त्यामुळे त्यांचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत झाला. एवढ्यावर थांबते तर ते नाना कसले? उजवा हात केसाळ आणि डावा गुळगुळीत, हे त्यांना बघवेना. सुरी डाव्या हातात घेऊन त्यांनी उजव्याकडे मोर्चा वळवला. पुढे आठ दिवस उजव्या हाताला बँडेज होतं. धार चांगली आहे हे मात्र त्यांनी डॉक्टरांकडून वदवून घेतलं.

आणि आता एक गोष्ट सांगतो, ती तुमच्याजवळच राहू द्या. नानांची पहिली सुरी घासून संपलेली नाही. ती आमच्या स्वयंपाकघरात आहे.

गणपतीच्या आधी एका दुपारी वहिनी पदराखाली काहीतरी झाकून आल्या. "भाऊजी, ही तुमच्याकडे ठेवा. हिला यांनी दुसऱ्यांदा हात लावलेला नाही. दिसली की घासायला नेतील." सुरी दिसायला भयंकर होती. एक उतार पाठीपर्यंत चढलेला, दुसरा निम्म्यातच दमलेला. मुठीजवळच्या दोन रेघा एकमेकींशी अबोला धरल्यासारख्या. पण कापते झकास. एकच खोड आहे. दोन्ही अंगं सारखी नसल्यामुळे ती कापता कापता एका बाजूला ओढते. कांदा, काकडी यांचं काही बिघडत नाही. बेकरीतून आणलेला अख्खा पाव कापला, की स्लाइस वर जाड आणि खाली पातळ पडतो. आमच्या घरात याची आता सवय झाली आहे. बेल वाजली की सुरी तांदळाच्या डब्यात जाते.

परवा सकाळी बेल वाजली, सुरी डब्यात गेली, नाना आत आले. सतरावीचे आकडे सांगायला आले होते. फरक पाव मिलिमीटर, आजवरचा सर्वांत कमी. आमच्या हिने चहा ठेवला आणि सवयीने बशीत दोन स्लाइस टाकून त्यांच्यापुढे सरकवले.

नाना बोलता बोलता थांबले. त्यांनी एक स्लाइस उचलला, नाकासमोर आडवा धरला आणि डावा डोळा मिटला. मग दुसरा हात हळूच खिशात गेला आणि कॅलिपर बाहेर आलं.