थांब, भाव उतरणार आहेत

डहाणूकडच्या गंजाडात कुणाचा लॅपटॉप कुरकुरायला लागला की डिस्कभाऊंना निरोप धाडावा लागत नाही. ते येऊन बसलेले असतात. गळ्यात नाडीला ओवलेला पेन ड्राइव्ह, शर्टाच्या खिशात टॉर्च. हार्डडिस्क बदलायची आहे एवढंच म्हणा, उत्तर १९५६ पासून सुरू होतं. त्या साली आयबीएमनं काढलेल्या पहिल्या डिस्क-यंत्रात २४ इंची ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात आणि मावायची जेमतेम ५० लाख अक्षरं. "आणि तुला ५०० जीबी कमी पडतात!" असं ते समोरच्या पोरीला दटावतात. पोरीनं तोवर तोंडही उघडलेलं नसतं.

ही जात फक्त आमच्याकडेच आहे असं नाही. पुण्याच्या सोसायटीत तिला 'आयटीवाले काका' म्हणतात. फरक इतकाच, की काकांना निदान कंपनीचा पगार मिळून गेलेला असतो. डिस्कभाऊंकडे एमएससीआयटीचं प्रमाणपत्र आहे, तेही लॅमिनेट केलेलं. त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर मात्र गावात कुणी पाहिलेला नाही. लॅपटॉप उघडणं हे त्यांच्या लेखी हमालीचं काम. खरी विद्या निवडीत.

ही विद्या गेल्या पावसाळ्यात एका चित्रकार ताईंच्या वाट्याला आली. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे इथलेच, कळंबीपाड्याचे. लग्नाचा चौक लिहिण्यापुरती, तीही बायकांच्या हातची असलेली ही कला त्यांनी रोजचं काम म्हणून कागद-कापडावर आणली, २०११ साली पद्मश्री घेतली. आता घरोघरी कुणी ना कुणी गेरूच्या कापडावर तांदळाच्या पिठानं तारपा नाच काढत असतं. चित्र विकलं की घरात उरतो तो त्याचा फोटो, आणि नवं गिऱ्हाईक आधी फोटोच मागतं. ताईंचे सगळे फोटो त्या लॅपटॉपात, आणि लॅपटॉप टक-टक करू लागलेला.

भाऊंनी वैद्यबुवांसारखा कान लावला. "५४०० आरपीएम. सेकंदाला ९० फेरे. डोकं आपटतंय." निदान अचूक होतं, हे मान्य केलंच पाहिजे. माणूस अडाणी नाही, हीच तर अडचण आहे. उपाय म्हणून त्यांनी डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितली. कोरड्या मुलखात कुणाला हे कधी साधलं असेलही. आमच्याकडे जुलैत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. सुदैवानं ताईंकडे फ्रीज नाही. अशी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करू नये, आधी फोटो बाहेर काढावेत, हेही भाऊ म्हणाले. पण १९५६ आणि थायलंड यांच्या मधे कुठेतरी, आणि तेवढ्यात चहा आला.

थायलंड म्हणजे २०११ चा पूर. तिथले कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्डडिस्क महागल्या. त्या साली भाऊंनी "थांबा, भाव उतरणार आहेत" असा सल्ला दिला होता. तो बरोबर ठरला. आयुष्यात एकदा बरोबर ठरलेला सल्ला माणूस सोडत नाही.

मग निवड सुरू झाली. फिरती घ्यायची की एसएसडी? एसएसडी ठरली, तर एम-टू का नको? ती बारकी पट्टी, २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, भाऊंच्या फार मनात भरली होती. ताईंच्या लॅपटॉपात तिला जागाच नाही, हे ताईंच्या लेकीनं मॉडेलचा नंबर टाकून दोन मिनिटांत शोधलं. भाऊंनी विषय जाडीवर नेला: जुन्या काही डिस्क साडेनऊ मिलिमीटर, नव्या सात. मग आयुष्यावर. ३०० टीबीडब्ल्यूची, म्हणजे एकूण ३०० टीबी लिहिता येणारी डिस्क रोज २० जीबी लिहिले तरी ४१ वर्षं पुरते, हा हिशेब त्यांनी कॅलेंडरच्या मागे मांडला. लॅपटॉपच्या बिजागरीला तेव्हा चिकटपट्टी लावलेली होती. "एक टीबी घेतलीस तर ९३१च दिसतील, घाबरू नकोस," असाही धीर दिला. घ्यायची होती ५०० जीबीची.

"मामा, मग मागवू का?"

"ऑनलाइन? छे! लॅमिंग्टन रोडला जाऊ. डहाणू रोडहून आता थेट लोकल आहे."

ही लोकल २०१३ पासून आहे. भाऊ अजून गेलेले नाहीत.

लेकीनं अडीच इंची साटा एसएसडी मागवून टाकली. बसवायच्या संध्याकाळी वीज गेली. डहाणूचं औष्णिक केंद्र ५०० मेगावॅटचं, वीज जाते मुंबईच्या उपनगरांना. आमच्याकडे उजेड डिस्कभाऊंच्या टॉर्चचा. पण टॉर्च त्यांनी नीट धरला. पोरीनं आधी बॅटरी काढली, पॉवरचं बटण दाबून धरलं, मागचे स्क्रू वाटीत ठेवले. जुनी डिस्क कनेक्टरमधून मागे सरकवून बाहेर काढली आणि तिची पत्र्याची चौकट नवीला लावली. चौकटीचे चार स्क्रू मात्र तिच्या बोटांतून निसटत होते. ते ताईंनी बसवले. बांबूच्या काडीनं मुंगीएवढी माणसं काढणारा हात; एकदाही हलला नाही. अंगातल्या स्थिर विजेनं चिप कशी जळते, हे भाऊ सांगत होते. "म्हणून आधी लोखंडाला हात लावावा," या वाक्याला ते पोचले तेव्हा झाकण बंद झालं होतं.

वीज आल्यावर विंडोज चढवलं. जुनी डिस्क यूएसबी केबलला जोडून फोटो काढले. बरेच आले. दोन वर्षांपूर्वीच्या देवचौकांचं फोल्डर आलं नाही. भाऊ त्यावर काही बोलले नाहीत, आणि हे गावानं प्रथमच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात ते "ताईंकडे आपण एसएसडी बसवली" असं सांगत होते. टॉर्च त्यांचाच असल्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. मेलेली डिस्कही ते मागून घेऊन गेले. अशा त्यांच्या कपाटात पुष्कळ आहेत म्हणतात. जाताना पोरीनं विचारलं, "मामा, रॅमही वाढवू का?"

भाऊ उंबऱ्यातून परत फिरले आणि खाली बसले. "थांब. एवढी घाई कशाला?"