यंदा दसऱ्याला नक्की

हैदराबादेत सुलतान बाजार–काचीगुड्याच्या जुन्या मराठी घरांतून रोज सकाळी निघून अमीरपेटला मेट्रो बदलत रायदुर्ग गाठणारी जी पोरं आहेत, त्यांत असा एखादा तरी असतोच. दिवसा कुठल्याशा अमेरिकन विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि रात्री अकरानंतर स्वतःचा गेम करतो. एकटा. चित्रं त्याची, कोड त्याचा, संगीत मित्राकडून फुकट. गेम अजून फारसा कुणी पाहिलेला नाही. गेमची तारीख मात्र अख्ख्या नातलगांना पाठ आहे.

गेम चांगला आहे हो, तेवढं आधी सांगून टाकतो. इराणी हॉटेलातला पोऱ्या चहाचे कप आणि उस्मानिया बिस्किटं ट्रेमध्ये तोलत चारमिनारच्या गर्दीतून निघतो. कप पोचवायचे, सांडायचे नाहीत. एवढ्यावर थांबला असता तर गेम केव्हाच बाजारात आला असता. पण एका रात्री याला 1908 सालचा मुसी नदीचा पूर सुचला. पुराचा एक टप्पा हवाच! आता गेममध्ये पाणी वाहतं करणं हे भल्याभल्या कंपन्यांना रडवणारं काम. पुढचे आठ महिने मुसीचं पाणी भिंतींतून आरपार जात होतं आणि चहा तेवढा कपाला चिकटून बसला होता. पाणी सुधारलं, तर दुकानांच्या उर्दू पाट्या बिघडल्या. अक्षरं उजवीकडून येणार, इंजिन डावीकडून लिहिणार. मधल्या मध्ये ‘बिर्याणी’चं एकेक अक्षर सुटं होऊन पडलं.

अशा माणसानं तारीख जाहीर करावी का? करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याचीही अडचण समजून घ्या. तारीख नसली तर घरचे याला रात्रीचं जागरण म्हणतात; तारीख असली की तेच लोक ‘हळू बोला, तो काम करतोय’ म्हणतात. नांदेडची आत्या दर लग्नात गाठून विचारते, “तुझा खेळ कधी येतोय रे?”

“यंदा दसऱ्याला नक्की, आत्या.”

“मागच्या खेपेला मुली बघायचं विचारलं, तेव्हाही दसराच म्हणाला होतास.”

तारीख पुढे ढकलण्याचंही त्याचं शास्त्र आहे. पहिल्या उशिराला तो पुण्याच्या सुपरगेमिंगचा दाखला द्यायचा: ‘इंडस’ 2022 मध्ये जाहीर केला आणि आला ऑक्टोबर 2024 मध्ये, त्यांच्याकडे एवढी माणसं, मी एकटा. दुसऱ्या उशिराला ‘सायबरपंक 2077’ निघाला. त्याची तारीख 2020 या एकाच वर्षात एप्रिलवरून सप्टेंबरवर, तिथून नोव्हेंबरवर आणि शेवटी डिसेंबरवर गेली. आला तो अशा अवस्थेत की सोनीनं आपल्या दुकानातून काढून टाकला. “घाई केली की असं होतं,” हे वर. तिसऱ्या उशिराला थेट ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’: जाहीर 1997, हजर 2011. उशीर वाढेल तसा दाखला मोठा. पण ड्यूकच्या पुढचा दाखला त्याला सापडेना, तेव्हा नाइलाजानं तो गेम संपवायला बसला.

याच्या उलट कोंडापूरचा त्याचा दोस्त. तोही गेमवालाच, पण तारीख विचारली की “लाइट लो मामू” म्हणून चहा मागवणारा. त्याचं दैवत म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’. 2017 मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर पैसे मागितले, जमले नाहीत. पोरं गप काम करत राहिली आणि 18 ऑगस्ट 2020 ला निन्टेंडोच्या कार्यक्रमात गेम दाखवला तो त्याच दिवशी विक्रीला.

“त्यांना निन्टेंडोनं दाखवलं,” आमचा गेमवाला म्हणतो, “मला कोण दाखवणार, नांदेडची आत्या?”

हे मात्र खरं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात 2024 या एका वर्षात अठरा हजारांवर गेम आले, म्हणजे दिवसाला पन्नासेक. या गर्दीत गुपचूप आलेला गुपचूपच जातो. विशलिस्टमध्ये नाव टाकणारी माणसं आधी जमवावी लागतात. येऊ घातलेल्या गेमची स्टीमवरची जत्रा, नेक्स्ट फेस्ट, वर्षातून तीनदा भरते, पण एका गेमला तिथे एकदाच उभं राहता येतं, मुंजीसारखं. दिवस ठरल्याशिवाय यातलं काही जुळत नाही. म्हणून 2024 च्या नोव्हेंबरात एचआयसीसी केंद्रात गेमवाल्यांची आयजीडीसी परिषद भरली तेव्हा हा छापील तारखेची कार्डं घेऊन गेला. दुपारपर्यंत नवा बग सापडला. उरलेल्या कार्डांवरची तारीख त्यानं जेवणाच्या रांगेत उभ्या उभ्या बॉलपेननं खोडली.

आणि मग 2025 मध्ये गेम खरोखरच तयार झाला. आत्यानं पंचांग काढून 3 सप्टेंबरची एकादशी दिली. पाणी भिंतीला अडू लागलं होतं, चहा सांडू लागला होता, सगळं सुरळीत. अशात 21 ऑगस्टला रात्री बातमी आली: ‘सिल्कसाँग’ 4 सप्टेंबरला येतोय. ॲडलेडच्या टीम चेरीचा गेम, 2019 पासून जग ज्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलं होतं तो, अवघ्या दोन आठवड्यांच्या सूचनेवर!

मला वाटलं, पोरगा खचेल. छे! चेहरा असा उजळला की काय सांगू. तारीख पुढे ढकलावी लागणार, पण आयुष्यात पहिल्यांदा उशीर त्याचा नव्हता. त्यातून ‘डेमनस्कूल’ हा गेमही नेमका 3 सप्टेंबरचाच होता, तो उठून 19 नोव्हेंबरला गेला; म्हणजे सोबतही मोठ्यांची. मी म्हटलं, अरे, तो किड्यांच्या लढाईचा गेम, तुझा चहाचा, गिऱ्हाईक वेगळं. तर म्हणे, लढून दमलेला माणूस चहा पीत नाही का?

दोन आठवड्यांच्या आत आलेली तारीख स्टीमवर आपली आपण बदलता येत नाही. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हला कळवावं लागतं. त्यानं शाळेतल्या रजेच्या अर्जासारखा नम्र मजकूर लिहिला, अर्ज मंजूर झाला, आणि आता पानावर फक्त ‘लवकरच’ आहे. 4 सप्टेंबरला सिल्कसाँगच्या गर्दीनं स्टीमचं दुकानच काही वेळ कोलमडलं, तेव्हा यानं तो स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला, खाली एक शब्दही न लिहिता.

आत्याचा फोन आलाच. रागावेल असं वाटत होतं. पण तिनं सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली.

“साडेसहा वर्षं लावली म्हणतोस त्या पोरांनी?”

“हो, आत्या.”

“आणि तारीख सांगितली ती पंधरा दिवस आधी?”

“हो.”

“शहाणी आहेत रे. लग्नं झालीत का त्यांची?”