काळ्याचे हिरवे करताना

2010 मध्ये केंद्राने कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर लावला आणि राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी काढला. काळ्या कोळशाने हिरव्या विजेचे बिल भरायचे, अशी झकास कल्पना. 2016 पर्यंत उपकर 400 रुपयांवर गेला.

2017-18 पर्यंत सुमारे 86 हजार कोटी जमले. त्यातले निधीत पोचले 30 हजार कोटींच्या आत, खर्च झाले साधारण 16 हजार. बाकीचे तिजोरीतच मुरले. (पर्यावरणाला घाई नसते, असा अर्थ खात्याचा समज असावा.)

मग जीएसटी आला. कोळशावरचे 400 रुपये तसेच राहिले, फक्त नाव बदलले: भरपाई उपकर. राज्यांना पैसा मिळाला, पण पवनचक्क्यांसाठी नव्हे, महसुलातली तूट भरायला.