चित्रकाराचा चंद्र

तानाजी मालुसरे कोंढाण्याचा कडा चढले ती १६७० सालची माघ वद्य नवमीची रात्र. नवमीचा चंद्र उगवतो मध्यरात्रीच्या सुमारास, तोही अर्धामुर्धा. मुलांच्या पुस्तकांत मात्र त्या कड्यावर पुष्कळदा भाकरीएवढा वाटोळा चंद्र लटकलेला असतो. चित्रकाराला तरी काय बोलावे! काळोखात काळा कडा आणि त्यावर काळी घोंगडी पांघरलेले मावळे काढायचे, तर पानभर शाई ओतून खाली नावे लिहायची पाळी येईल. शिवाय यशवंती घोरपड दिसायला हवी. ती पोवाड्यातून आलेली; इतिहासकार तिला दारात उभी करत नाहीत. पण ती गाळली तर पोरे पुस्तकच परत करतील.

इतिहासकाराचे बरे असते. ‘बहुधा’, ‘असे दिसते’, ‘याविषयी मतभेद आहेत’ म्हणत आणि खाली एक तळटीप देत त्याचे निभावते. चित्रकाराने ‘बहुधा’ कोणत्या रंगात काढावे? १७ ऑगस्ट १६६६ रोजी महाराज आग्र्याहून निसटले, ते पेटाऱ्यात बसून की पेटारा वाहणाऱ्याच्या वेशात, यावर विद्वान अजून भांडतात. चित्रकार त्यांना मुकाट्याने पेटाऱ्यात बसवतो आणि वर झाकण चार बोटे उघडे ठेवतो. आत कोण आहे ते चौथीतल्या वाचकाला दिसलेच पाहिजे, आणि शेजारी उभ्या असलेल्या फुलादखानाच्या पहारेकऱ्याला दिसता कामा नये! म्हणून तो पहारेकरी नेमका भलतीकडे बघत असतो.

चेहऱ्याची तऱ्हा आणखी निराळी. वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचे अस्सल चित्र शोधून काढेपर्यंत इब्राहिमखान नावाच्या भलत्याच सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. कंटाळवाण्या तासाला अफजलखानाला चष्मा लावणारे कलावंत दर तुकडीत निघतात, पण तेही महाराजांच्या चित्राला सहसा पेन लावत नाहीत. तेव्हा चूक दुरुस्त झाली हे उत्तमच.

खरी हळहळ वाटते ती राज्याभिषेकाच्या चित्रांची. सिंहासन, छत्र, फुले आणि कोपऱ्यात मुजऱ्याला वाकलेला हॅटवाला इंग्रज, एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते. त्या इंग्रजाचे नाव हेन्री ऑक्झिंडेन. ६ जून १६७४ रोजी तो रायगडावर हजर होता आणि पाहिलेले त्याने लिहून ठेवले आहे. सिंहासनाच्या एका बाजूला भाल्यावर मोठमोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखे, दुसऱ्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचा सोन्याचा तराजू. बाहेर दाराशी दोन लहान हत्ती. असल्या अवघड वाटेने हे वर चढवले कसे, या कोड्याने साहेब चक्रावून गेला होता.

आता यापेक्षा मुलांना आणखी काय हवे? तेव्हा रायगड रंगवणाऱ्या मंडळींनो, पुढच्या पुस्तकात हॅट थोडी लहान करा, पण ते दातांचे मासे आणि ते हत्ती काढाच. इथे तळटीपवालेही तुमच्या बाजूने उभे राहतील.